फुकटचा ओव्हरटाइम

मालकीणबाईंनी सकाळीच सगळ्यांना हातातलं काम ठेवायला सांगितलं, तेव्हा पैलवानाने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"चहा पण सांगितलाय," तो पॉलिशकाकांच्या कानाशी लागला. "म्हणजे नक्की वाईट बातमी. चांगली बातमी बाई उभ्याउभ्या सांगून जातात."

पैलवान म्हणजे कारखान्यातला सुतार. अंगाने इतका किडकिडीत की फळीमागे उभा राहिला तर हाका मारून शोधावा लागे, म्हणून पैलवान. कारखाना खुर्च्यांचा होता. पैलवान खुर्चीचा सांगाडा जोडायचा. मग वेतताई आणि तिची नणंद बैठकीवर वेत विणायच्या. शेवटी खुर्ची मागच्या खोलीत पॉलिशकाकांकडे यायची. आणखीही माणसं होती, कुणी लाकूड कापणारी, कुणी घासणारी. पण तोंड चालवायचं काम मुख्यतः पैलवान आणि वेतताई या दोघांकडे होतं. काका ऐकायचे.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. मोठं गिऱ्हाईक प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे गेलं होतं. हातात आता एका वाचनालयाचं काम तेवढं होतं, आणि पुढचं काम यायला बराच अवकाश होता.

"दोन वाटा आहेत," बाई म्हणाल्या. "एक तर काही जणांना घरी बसवायचं, शेवटी आलेल्यापासून सुरुवात करायची. नाहीतर सगळ्यांनीच कमी वेळ काम करायचं. संध्याकाळी सहाच्या ऐवजी दुपारी दोनला कारखाना बंद. पगार त्या मानाने उतरेल, माझाही. पण आहे ते काम सगळ्यांना पुरेल आणि कुणाची भाकरी जाणार नाही. मला दुसरी वाट बरी वाटते. पण सगळ्यांनी हो म्हटलं तरच."

शेवटी आलेली म्हणजे वेतताईची नणंद. सगळे तिच्याकडे बघायला लागले, तशी तिने मान खाली घालून चहात लक्ष घातलं. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती भावाकडे राहायला आली होती. सुरुवातीला ती सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं घेऊन भिंतीशी बसून जेवायची. कारखान्यात लागली आणि महिन्याभरात सगळ्यांच्या बरोबर पान घेऊन बसायला लागली. हे वेतताईनेच काकांना सांगितलं होतं, आणि सांगताना तिचा आवाज थोडा जड झाला होता. अर्थात तसं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याचं डोकं फोडलं असतं.

पहिला हात वेतताईचाच वर गेला. "माझं हो. ही दिवसभर घरात राहिली की माझ्या डब्यांच्या जागा बदलते. मीठ शोधायला मला पत्ता विचारत फिरावं लागतं."

"वहिनी, ते डबे लावलेले होते की फेकलेले?" नणंद कपातूनच म्हणाली.

सगळे हसले. हसता हसता हात वर होत गेले. पैलवानाने दोन्ही केले. एक हात तेवढा राहिला.

"काका?" बाईंनी विचारलं.

काकांनी कप खाली ठेवला, परत उचलला. त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. सकाळ उठून आवरण्यात जायची. दिवस कारखान्यात जायचा. संध्याकाळी घरी गेलं की जेवण गरम करायचं, जेवायचं, भांडी घासायची आणि पडायचं. तेवढा वेळ ते कसाबसा ढकलत. आता बाई त्यांना त्यात अख्खी दुपार घालून देत होत्या. इतरांना सुट्टी मिळत होती. काकांना काय मिळत होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"काका, हात अवघडला का?" पैलवान म्हणाला. "मी उचलून देऊ?"

"तू? तुला रंधा उचलायचा तर दोन माणसं लागतात."

काकांनी नणंदेकडे एकदा बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती हे कळत होतं. काकांनी हात वर केला.

पहिल्या दुपारी काका घरी आले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत आलेलं होतं. ते उभेच राहिले. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी या घरातलं दुपारचं ऊन त्यांनी पाहिलं नव्हतं. बायको नेहमी म्हणायची, एकदा तरी उजेड आहे तोवर घरी या. ते म्हणायचे, या महिन्यात काम फार आहे. दर महिन्यात काम फार असायचं. आता आले उजेडात, तर दार आपलं आपण उघडावं लागलं.

चहा करून प्यायले. कपडे वाळत घातले. मग काय करायचं ते सुचेना, म्हणून कपाट पॉलिश करायला काढलं. दुसऱ्या दिवशी टेबल झालं. तिसऱ्या दिवशी दार. चौथ्या दिवशी भाजी कापायची फळी सापडली, तिलाही एक हात मारला, आणि त्यानंतर कांद्याला स्पिरिटचा वास यायला लागला. लेकीचा फोन आला.

"बाबा, आता दुपारी मोकळे असता ना? काय करता?"

"खूप कामं असतात गं."

"कसली?"

काकांनी घरभर नजर फिरवली. लाकडाचं काही उरलं नव्हतं. "किरकोळ," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात एका दुपारी त्यांच्या मनात आलं की सकाळी खुर्च्यांना मारलेला पॉलिशचा हात नीट वाळला असेल का? हवा जरा दमट होती. पॉलिशच्या खोलीला मागच्या बाजूला वेगळं दार होतं आणि सकाळी लवकर येऊन वास घालवायचा म्हणून त्या दाराची किल्ली काकांकडेच असायची. ते गेले. हात वाळला होता. आलोच आहोत तर म्हणून त्यांनी दुसरा हात मारला. तो वाळेपर्यंत नुसतं काय बसायचं म्हणून पैलवानाच्या टेबलाकडे गेले. तिथे खुर्च्यांचे पाय घासायचे राहिले होते, ते घासले. मान वर केली तेव्हा सहा वाजत आले होते. काका इतक्या दिवसांनी शीळ वाजवत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी परत गेले. मग रोजच जायला लागले. दोनला सगळ्यांबरोबर बाहेर पडायचं, कोपऱ्यावर पैलवानाला हात करायचा, घराची वाट धरायची, आणि पुढच्या गल्लीतून वळून मागच्या दाराने आत यायचं. पगाराचा प्रश्नच नव्हता. त्यांना पगार नको होता, सहा वाजायला हवे होते.

पैलवान अर्धे जोडून गेलेले सांगाडे काका पुरे करून, शिकंज्यात आवळून ठेवत. वेत त्यांना विणता येत नसे, पण तरुणपणी थोडं पाहिलेलं होतं. ते भोकं साफ करून, वेत भिजवून, बैठकीवर पहिले उभे पदर ओढून ठेवत. तेवढंच काम सगळ्यात किचकट, बोटं कापणारं.

आता गंमत अशी झाली की कुणालाच संशय आला नाही. उलट ज्याने त्याने आपल्या सोयीचं कारण शोधलं.

पैलवानाला वाटलं, आपला हातच सुटला. "मी सांगत होतो," तो सकाळी छाती काढून म्हणाला. छाती म्हणजे जी काय होती ती. "माणसाला दुपारची झोप मिळाली की बघा काय होतं ते. काल हे चार सांगाडे मी कधी जोडले, माझं मलाच आठवत नाही. एवढा वेग!"

"झोपेत जोडले असशील," काका म्हणाले.

"काका, जळू नका."

वेतताईला वाटलं, पहिले पदर नणंद ओढून ठेवते. सुटल्यावर हात धुवायला म्हणून ती मागे रेंगाळायची, तेव्हाच करत असणार. नणंदेला वाटलं, वहिनी सकाळी आपल्या आधी येते ती याचसाठी. दोघींनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, कारण एकमेकींचे आभार मानायची सवय दोघींना नव्हती. पण वेतताई डब्यात नणंदेच्या आवडीचं लोणचं जास्तीचं आणायला लागली, आणि नणंद वहिनीच्या पाठीमागे उशी ठेवायला लागली. पैलवान हे बघून घाबरला.

"काका, या दोघींचं काहीतरी बिनसलंय. तीन दिवस झाले, भांडण नाही."

काका सगळं बघत होते आणि मनात खूश होते. पोरं आनंदात आहेत, काम पुढे सरकतंय, आपली दुपार जातेय. यात कुणाचं काय वाईट होतंय? त्यांनी बायकोच्या फोटोलाही तसं सांगितलं. फोटो काही बोलला नाही. ती असती तर एक शब्द बोलली असती आणि पुढचं सगळं टळलं असतं, कारण हिशेब तिला बरोबर जमायचा.

मग बाईंनी परत चहा सांगितला.

या वेळी त्यांचा चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा होता. "मी तुम्हाला दोष देत नाही," त्यांनी सुरुवात केली, "तुम्ही जीव तोडून काम केलंत. पण आपलं काय ठरलं होतं? आहे ते काम सगळ्यांनी वाटून घ्यायचं, पुरवून पुरवून करायचं. मी वेळ कमी केला आणि तुम्ही वेग वाढवलात. वाचनालयाच्या खुर्च्या जवळजवळ संपल्या. पॉलिशचं काम थोडं उरलंय, बाकी जुन्या माणसांपुरती किरकोळ डागडुजी. पुढचं काम यायला अजून वेळ आहे. तोवर सगळ्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

त्या नणंदेकडे वळल्या. "तू सोमवारपासून घरी थांब. काम आलं की पहिला निरोप तुला पाठवीन. खरंच पाठवीन."

नणंद म्हणाली, "बरं बाई."

एवढंच म्हणाली. उठून आपल्या जागेवर गेली आणि कात्री, बोटांना गुंडाळायच्या चिंध्या, पाण्याची बाटली, असं एकेक पिशवीत भरायला लागली. आज तर शुक्रवार होता, भरायची घाई नव्हती. पण हात कुठेतरी गुंतवावे लागतात.

वेतताई उसळली. "हे सगळं या पैलवानामुळे! झोपा काढून वेग वाढवतोय मेला!"

"आणि तुम्ही दोघी? तुमच्या बैठका पण भराभर संपल्याच की!"

"आम्ही नेहमीसारखंच विणत होतो. हिने उभे पदर ओढून ठेवले म्हणून—"

"मी?" नणंद पिशवीतून मान वर काढून म्हणाली. "वहिनी, ते तू ओढायचीस ना?"

"मी कशाला ओढू? माझी बोटं काय फुकट आलीयत?"

"मग लोणचं कशाचं होतं?"

"तुझी उशी कशाची होती?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पैलवान डोकं खाजवायला लागला.  तेव्हा कुठे काकांना सगळा हिशेब लागला. ते रोज दुपारी येऊन या पोरीचा पुढचा महिना घासत, जोडत, चकचकीत करत बसले होते. तिची नोकरी टिकावी म्हणून वर केलेल्या हातानेच त्यांनी तिचं काम संपवलं होतं.

"बाई," काका म्हणाले, "ते मी केलं."

"काय केलंत?"

"सगळंच. मी रोज दुपारी मागच्या दाराने येत होतो. पाय घासले, सांगाडे जोडले, पदर ओढले."

 पैलवानाचा आवाज आला, अगदी बारीक. "म्हणजे माझा वेग?"

"तुझा वेग होता तेवढाच आहे, बाबा."

"आणि मी बायकोला सांगून बसलो!"

वेतताईला हसू फुटलं, पण तिने ते पदराआड दाबलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "काका, कुणी काम चुकवलं तर काय बोलायचं ते मला माहीत आहे. तुम्ही न सांगता, न पैसे घेता काम केलंत, याला मी काय बोलू? का केलंत पण?"

काकांना वेगळं काही सांगता आलं असतं. हवा दमट होती, पॉलिश वाळत नव्हतं. पण ते खोटं बोलण्यात मुळातच कच्चे होते.

"घरी कुणी नसतं," ते म्हणाले. "सहापर्यंत कुठेतरी थांबायचं होतं."

वेतताईचं हसू गेलं. पैलवान उगाच भुसा झाडायला लागला.

काकाच पुढे बोलले. "तिच्या वाटचं काम मी खाल्लंय. आता माझ्या वाटचं तिला द्या. पुढचं काम येईतो मी घरी बसतो. पॉलिशच उरलंय ना? ते ती करेल."

"तिला पॉलिश येतं का?"

"नाही येत," नणंद म्हणाली. "आणि काका, मला असं नको. तुमचं काढून मला नको."

"माझं काढून नाही गं. तुझंच आहे, मी परत करतोय. जास्त बोलू नकोस, नाहीतर मला आणखी वाईट वाटेल."

"पण घरी तुम्ही दिवसभर काय करणार?" वेतताईने विचारलं. तिने विचारलं तेव्हा टोमणा मारायचा म्हणूनच तोंड उघडलं होतं, पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"बघू," काका म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. दुपारच निभत नव्हती, त्यांनी आता अख्खा दिवस मागून घेतला होता.

बाईंनी थोडा विचार केला. "ठीक आहे. तिला उद्याचा दिवस शिकवा, सोमवारपासून तिचं काम. आणि काका, ती मागची किल्ली आधी माझ्याकडे द्या."

पॉलिश काही एका दिवसात येत नाही. सोमवारी काकांनी सकाळपासून घरात सात चकरा मारल्या आणि दुपारी दारावर थाप पडली. उघडलं तर नणंद उभी, हातात एक तिपाई. मागे वेतताई.

"काका, हे चिकटतंय," नणंद रडकुंडीला येऊन म्हणाली. "बाईंनी जुनी तिपाई दिली शिकायला. मी तुम्ही सांगितलं तस्संच केलं."

काकांनी बोट फिरवून बघितलं. "तस्संच केलंस, पण तीनदा केलंस. हात वाळायच्या आत दुसरा मारलास. घाई कसली आहे तुला?"

"घाई करायची तिला हौस नाही," वेतताई आत येत म्हणाली. "घाई तुम्ही शिकवलीत सगळ्यांना."

"तुम्ही कशाला आलात?"

"ही एकटी येईना. लाजते म्हणे. आणि मला तुमचं घर बघायचं होतं. हे काय? दार इतकं चकाकतंय की मला माझा चेहरा दिसला. घाबरले ना मी!"

त्या दुपारी तिपाई खरवडून परत पहिल्यापासून सुरू केली. कापडाचा बोळा कसा वळायचा, स्पिरिट किती घ्यायचं, हात कुठे हलका ठेवायचा. काका शिकवत होते आणि नणंद जीभ दातांत धरून करत होती. वेतताई खिडकीत बसून सल्ले देत होती, त्यांतला एकही कामाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. तिसऱ्या दिवशी पैलवानही आला. घरी बायको कामं सांगते म्हणाला, आणि काकांच्या पलंगावर आडवा होऊन घोरायला लागला. काकांनी इतक्या महिन्यांत वरच्या फळीवरचे कप काढले नव्हते. ते काढून, धुवून चहा केला. कुणी कुठे बसावं याचा कुणी विचार केला नाही. वेतताई काकांच्या बायकोच्या खुर्चीवर बसली. काकांना आत काहीतरी टोचलं, पण त्यांनी बसू दिलं. खुर्ची बसण्यासाठीच असते, आणि ते आयुष्यभर तेच बनवत आले होते.

आठवडाभराने, उन्हं उतरली तरी मंडळी हलेनात. वेतताई आणि पैलवान कसल्यातरी गोष्टीवरून हातघाईवर आले होते. काकांच्या कपाळाची शीर ठणकत होती.

"आता घरी जा बघू सगळे," ते म्हणाले. "मला जरा शांत पडू द्या."

बोलून गेले आणि स्वतःच चकित झाले. शांत पडावंसं वाटल्याचे दिवस त्यांना आठवत नव्हते.

तिपाई झाली. मग वाचनालयाच्या उरलेल्या खुर्च्याही झाल्या. गाडी भरायच्या दिवशी बाईंनी काकांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि दोन खुर्च्या समोर ठेवल्या. "यातली तिची कुठली?"

काकांनी खुर्ची उलटी केली. "ही. बैठकीच्या खालच्या बाजूलाही पॉलिश केलंय. मी कधी करत नाही. तिथे बघतो कोण?"

"मी बघते ना," नणंद म्हणाली. "मला माहीत असतं."

"हिला ठेवा," काका बाईंना म्हणाले. "काही झालं तरी हिला ठेवा."

पुढचं काम आलं ते फार मोठं नव्हतं. एका दवाखान्यात बसायची बाकं हवी होती. सगळ्यांना परत काम मिळालं, काकांनाही. वेळ दोनपर्यंतचीच राहिली, आणि सगळ्यांना घरी सोडायचं काम काकांनी आपणहून अंगावर घेतलं. दोन वाजले की ते पुढच्या खोलीत येऊन उभे राहत.

"चला. ठेवा हातातलं."

"काका, एवढा एक सांधा—"

"सांधा उद्या आहे. उद्याला काय उरणार मग? उठ."

पैलवान कुरकुरत उठायचा. वेतताई आणि नणंद डब्यांवरून भांडत बाहेर पडायच्या. त्यांचं सगळं पूर्वपदावर आलं होतं. शिकवणी संपली तशी काकांकडची गर्दीही कमी झाली. कधी कुणी येई, कधी नाही. कुणी आलं नाही त्या दुपारी घर रिकामंच असे आणि त्याला काही इलाज नव्हता. काका खिडकीशी बसून चहा घेत. बायकोची आठवण येई. आली की ते उठून दुसरं काही शोधत नसत, येऊ देत.

एकदा शेजारच्या आजोबांनी त्यांना दुपारी कुलूप काढताना बघून विचारलं, "आज लवकर सुटलात?"

"लवकर नाही हो," काका म्हणाले, "वेळेवर."